तड्याचे वय

१२ ऑक्टोबर १९७६. मध्यरात्र उलटल्यावर मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे कॅरावेल विमान मद्रासला निघाले. उड्डाणानंतर लगेच उजव्या इंजिनाने दगा दिला. वैमानिकांनी विमान परत वळवले, पण धावपट्टी गाठण्याआधीच ते कोसळले. विमानातले सगळे, ९५ जण, गेले. मल्याळम चित्रपटांतली अभिनेत्री राणी चंद्रा त्यांपैकीच एक. चौकशी अखेर येऊन थांबली ती इंजिनातल्या एका चकतीपाशी. हाय प्रेशर कॉम्प्रेसरच्या दहाव्या टप्प्याची ही डिस्क थकव्याच्या तड्यामुळे फुटली होती. फुटलेल्या डिस्कने इंधनाची वाट मोकळी केली, आग लागली, आगीत हायड्रॉलिक तेल गेले. कॅरावेलची नियंत्रण यंत्रणा सर्वस्वी त्या तेलावर चालत असे. तेल गेले आणि विमान वैमानिकांच्या हातात राहिले नाही.

या अपघाताला अर्धशतक होत आले. तेव्हापासून विमाने बदलली, इंजिने बदलली, तपासणीची साधने बदलली. पण धातूच्या थकव्याने झालेल्या प्रत्येक अपघातात तपास करणाऱ्याला पडणारा मुख्य प्रश्न तोच आहे. काय तुटले, हे अवशेष सापडले की बहुधा कळते. खरा प्रश्न असतो तड्याचे वय किती होते, आणि त्या वयात तो किती वेळा कुणाच्या डोळ्यांखालून गेला. या प्रश्नाचा आजवरचा आढावा घ्यायला नागपूर ही योग्य जागा आहे, कारण विमाने उघडून तपासण्याचे काम आता या शहराच्या उद्योगाचा भाग झाले आहे.

मध्यावरचे शहर

विमानांशी नागपूरचे नाते जुने. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही दिशांची विमाने रात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करीत आणि आपापल्या वाटेने परतत. त्या डाकोटा विमानांच्या केबिनमध्ये हवेचा दाब भरलेला नसे, त्यामुळे त्यांच्या कवचावर दर उड्डाणाला फुगण्याचा आणि आकसण्याचा ताण येत नसे. विमाने अधिक उंचीवरून उडू लागली, केबिनमध्ये दाब भरणे भाग पडले, आणि कवचाचा थकवा हा प्रश्न ऐरणीवर आला.

आज त्याच विमानतळाला लागून मिहान हे उद्योगक्षेत्र उभे आहे. एअर इंडियाने बोइंगला ६८ विमानांची मागणी दिली, त्या व्यवहाराचा भाग म्हणून बोइंगने इथे देखभाल-दुरुस्तीचे केंद्र बांधून दिले. २०१५ पासून तिथे मोठ्या विमानांची कामे होतात. इंडामेर कंपनीचे देखभाल केंद्रही मिहानमध्येच आहे. दसॉ आणि रिलायन्सच्या कारखान्यात फाल्कन २००० या विमानाचे भाग तयार होतात. टाटा समूहाच्या कारखान्याने बोइंग ७८७ साठी फरशीखालच्या तुळया बनवल्या, त्याही इथेच. वायुसेनानगरात भारतीय हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आहे. शहरात व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेचा धातुशास्त्र विभाग आहे आणि ॲल्युमिनियमवर संशोधन करणारे जवाहरलाल नेहरू केंद्रही आहे. एका शहरात इतके सारे जुळून येणे देशात फार ठिकाणी घडत नाही.

धातू थकतो म्हणजे काय

लोखंडी तार एका झटक्यात तुटत नाही, पण मागेपुढे वाकवत राहिले की तुटते. विमानातही तेच घडते, फक्त तिथे वाकणे डोळ्यांना दिसत नाही. धातू सहज पेलू शकेल त्याहून कितीतरी कमी ताण असतो, पण तो हजारो-लाखो वेळा येतो आणि जातो. धातूच्या कणांमधले थर एकमेकांवरून सूक्ष्म प्रमाणात घसरतात, पृष्ठभागावर बारीक उंचवटे आणि खाचा तयार होतात, त्यांतल्या एखाद्या खाचेतून तडा सुरू होतो. मग तो दर खेपेला किंचित पुढे सरकतो. शेवटी उरलेला धातू नेहमीचा भारही पेलू शकत नाही आणि भाग एकदम तुटतो. तुटणे क्षणात होते, पण त्याची तयारी कित्येक वर्षे चाललेली असते.

हे ज्ञान प्रथम रेल्वेने दिले. एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे आस वरून धडधाकट दिसत असताना तुटू लागले. जर्मनीच्या ऑगस्ट वोलरने आसांवर वर्षानुवर्षे चाचण्या घेऊन ताण आणि आवर्तने यांचे नाते मांडले. पोलादाच्या बाबतीत एका मर्यादेखाली ताण ठेवला तर भाग जवळजवळ कायम टिकतो, असे त्यातून दिसले. विमानाच्या ॲल्युमिनियमला मात्र अशी सुरक्षित मर्यादा नाही. ताण कितीही कमी असो, आवर्तने पुरेशी झाली की तडा जाणारच, असे धरूनच विमान बांधावे लागते.

म्हणून विमानाचे वय केवळ वर्षांत किंवा तासांत मोजत नाहीत, ते सायकलमध्ये मोजतात. एक उड्डाण आणि एक उतरणे म्हणजे एक सायकल. दीड तासाचा नागपूर-मुंबई प्रवास आणि पंधरा तासांचा दिल्ली-न्यूयॉर्क प्रवास हे कवचाच्या दृष्टीने सारखेच, एकेक सायकल. उंचीवर आतला आणि बाहेरचा दाब यांत इतका फरक पडतो, की कवचाच्या प्रत्येक चौरस मीटरवर साडेपाच ते सहा टन जोर येतो. दिवसाला सहा फेऱ्या मारणारे देशांतर्गत विमान वर्षाला दोन हजारांहून अधिक वेळा असे फुगते आणि आकसते. इंजिनाच्या डिस्कला दर उड्डाणाला शून्यापासून पूर्ण वेगापर्यंत जावे लागते. हेलिकॉप्टरच्या रोटरचे भाग तर दर सेकंदाला अनेक आवर्तने सोसतात, त्यामुळे तिथे तडा सुरू झाला की हाताशी फार थोडे तास उरतात.

तडा कुठे सुरू होतो, यालाही नियम आहेत. रिव्हेटचे भोक, खिडकीचा कोपरा, यंत्रावर काम करताना राहिलेला ओरखडा, गंजाचा खड्डा, धातू ओततानाच आत अडकलेला दोषाचा कण. जिथे ताण एकवटतो, तिथे तडा जागा शोधतो. गंज आणि थकवा एकत्र आले तर दोघे मिळून काम फार वेगाने उरकतात. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्या विमानांवर म्हणूनच जास्त डोळा ठेवावा लागतो. तापल्या, कोरड्या विदर्भापेक्षा मुंबई-गोव्याची हवा धातूला अधिक जाचते.

चार प्रकरणे, चार धडे

१९५४ मध्ये ब्रिटनची दोन कॉमेट जेट विमाने हवेतच फुटली. एक जानेवारीत एल्बा बेटाजवळ, दुसरे एप्रिलमध्ये नेपल्सजवळ. पहिल्याची १,२९० उड्डाणे झाली होती, दुसऱ्याची सुमारे ९००. आर्नल्ड हॉल यांच्या नेतृत्वाखाली फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेने आणखी एका कॉमेटचे कवच पाण्याच्या टाकीत ठेवले आणि आत पाण्याचा दाब भरत-सोडत राहिले. खरी आणि चाचणीतली मिळून ३,०५७ उड्डाणे झाल्यावर ते फाटले. बांधणीच्या वेळी घेतलेल्या चाचणीत मात्र कवच याहून कितीतरी जास्त टिकले होते. कारण त्या नमुन्यावर आधी दुप्पट दाबाची चाचणी झाली होती. त्या दाबाने ताण एकवटणाऱ्या जागा किंचित ताणल्या जाऊन उलट बळकट झाल्या होत्या. एकाच नमुन्यावर दोन चाचण्या घेतल्या आणि निकाल फसवा निघाला. चाचणी खरी कशी ठेवावी, हा कॉमेटचा धडा.

१२ ऑगस्ट १९८५ ला जपान एअरलाइन्सचे ७४७ डोंगरावर आदळून ५२० जण मरण पावले. सात वर्षांपूर्वी त्या विमानाची शेपटी धावपट्टीला घासली होती आणि मागच्या दाबभिंतीची दुरुस्ती बोइंगच्या पथकाने केली होती. जोडपट्टी अखंड हवी होती, ती दोन तुकड्यांत बसवली गेली. त्यामुळे एका जागी भार पेलायला रिव्हेटच्या दोन रांगांऐवजी एकच उरली. वरून दुरुस्ती झाकलेली, नीटनेटकी दिसत होती, पण तिथेच तडे वाढून भिंत हवेत फुटली. हँगरमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने हा अपघात पाठ केला पाहिजे. दुरुस्ती म्हणजे नव्या सायकलींची सुरुवात असते, आणि ती चुकली तर तडा त्या दिवसापासून मोजायचा.

२८ एप्रिल १९८८ ला हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ चे पुढचे छप्पर हवेत उडाले. विमान तरीही उतरले. एक हवाई सुंदरी मात्र बाहेर फेकली जाऊन मरण पावली. त्या विमानाच्या ८९,६८० सायकल झाल्या होत्या, कारण बेटाबेटांतली उड्डाणे छोटी होती. पत्र्यांच्या जोडातली चिकट बांधणी सुटली, सगळा भार रिव्हेटवर आला, आणि ओळीने अनेक भोकांशी बारीक तडे सुरू झाले. एकटादुकटा तडा असता तर विमानाने तो थोपवला असता, पण शेजारशेजारचे तडे एकमेकांना जाऊन मिळाले. विमानात चढताना एका महिला प्रवाशाला कवचावर तडा दिसला होता. ती कुणाला काही बोलली नाही.

१९ जुलै १९८९ ला अमेरिकेत सू सिटीजवळ युनायटेडचे डीसी-१० कोसळले. २९६ पैकी ११२ जण गेले. शेपटीतल्या इंजिनाची टायटॅनियमची फॅन डिस्क फुटून तिन्ही हायड्रॉलिक प्रणाली निकामी झाल्या होत्या. डिस्कचे तुकडे तीन महिन्यांनी मक्याच्या शेतात सापडले. धातू वितळवताना राहिलेल्या एका दोषापाशी तडा सुरू झाला होता, आणि शेवटच्या तपासणीनंतर डिस्कने ७६० सायकल पूर्ण केल्या होत्या. त्या तपासणीच्या वेळी तडा पृष्ठभागावर सुमारे अर्ध्या इंचाचा असावा, असा निष्कर्ष निघाला. याहून अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आली. तपासणीसाठी लावतात त्या चमकणाऱ्या द्रवाचे अंश तड्याच्या आतल्या पृष्ठभागावर सापडले. द्रव तड्यात शिरला होता, म्हणजे तपासणी झाली होती. फक्त ती पाहणाऱ्याच्या नजरेने तडा टिपला नव्हता.

टेबलावरचा तुकडा

अशा शोधाची सुरुवात फार साध्या शिस्तीने होते. तुटलेले दोन तुकडे हातात आले की ते एकमेकांत बसवून पाहण्याचा मोह होतो. तो टाळायचा. भंगलेल्या पृष्ठभागावरचा मायक्रोमीटर उंचीचा पुरावा एका घासण्याने पुसला जातो. तारेच्या ब्रशने गंज काढायचा नाही, बोट लावायचे नाही. ओलावा शोषणाऱ्या पुडीसह तुकडा कोरडा ठेवायचा. जागेवरच छायाचित्रे घ्यायची. लॉगबुक, सायकलींची नोंद, मागच्या दुरुस्त्यांचे कागद त्याच दिवशी ताब्यात घ्यायचे.

मग नुसत्या डोळ्यांनी आणि भिंगाखाली पाहायचे. अपघातात शेकडो भाग तुटलेले असतात, त्यांतले बहुतेक जमिनीवर आदळल्याने. थकव्याने तुटलेला भाग वेगळा ओळखू येतो. त्याच्यावर एका बिंदूभोवती वक्र रेषा पसरलेल्या असतात, जणू तडा कुठे कुठे थांबला होता त्या थांब्यांची नोंद. हा भाग गुळगुळीत असतो, आणि त्यापुढचा, शेवटी एकदम तुटलेला, भुरका आणि खडबडीत. दोघांचे प्रमाण बोलके असते. गुळगुळीत भाग मोठा आणि खडबडीत लहान असेल तर भार कमी होता आणि तडा बराच काळ चालत आला. उलटे असेल तर भार जास्त होता. रेषा जिथून सुरू होतात तो बिंदू म्हणजे मूळ. तिथे ओरखडा आहे का, गंजाचा खड्डा आहे का, घर्षणाची काळी खूण आहे का, हे पाहायचे.

त्यानंतर स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. त्याखाली आणखी सूक्ष्म, समांतर रेषा दिसतात, आणि सोयीच्या परिस्थितीत यांतली एकेक रेषा एका आवर्तनाची असते. अर्धा मायक्रोमीटर अंतरावर रेषा असतील तर तड्याचा एक मिलिमीटर म्हणजे दोन हजार आवर्तने. हा हिशेब लॉगबुकशी लावला की तड्याचे वय समोर येते. हे मोजणे सोपे नसते. तडा फार हळू चालतो तिथे रेषा आणि आवर्तने यांचा हिशेब जुळत नाही, घासलेल्या जागी रेषा पुसलेल्या असतात. म्हणून जोडीला रासायनिक घटकांची तपासणी, कडकपणा, धातूच्या कणांची रचना आणि संगणकावरचे ताणाचे गणित घ्यावे लागते.

इथवरही तपास अर्धाच होतो. बोल्ट थकव्याने तुटला, एवढे म्हणून चालत नाही. नीट आवळलेल्या बोल्टवर बाहेरच्या भाराचा थोडाच चढउतार येतो. कमी टॉर्कने आवळलेल्या बोल्टवर तोच चढउतार जवळजवळ पूर्ण येतो आणि तो लवकर थकतो. मग प्रश्न धातूवरून माणसावर जातो. टॉर्क रेंच तपासून घेतला होता का? काम एका पाळीत सुरू होऊन दुसऱ्या पाळीत संपले का? सूचना स्पष्ट होत्या का? चांगला तपासनीस या प्रश्नांपर्यंत पोहोचल्याशिवाय अहवाल बंद करीत नाही.

जिथे अजून अडते

रचनेचे तत्त्वज्ञान या सगळ्यातून बदलत गेले. आधी ठरावीक आयुष्य संपले की भाग बदलायचा, अशी पद्धत होती. मग एक भाग तुटला तरी शेजारचा भार पेलेल अशी रचना आली. १९६९ मध्ये अमेरिकेचे एफ-१११ लढाऊ विमान पोलादातल्या दोषामुळे पंख तुटून कोसळले, त्यानंतर तिसरा विचार पक्का झाला. धातूत दोष आहेच असे धरायचे, तडा दिसण्याजोगा होण्यापासून धोकादायक होईपर्यंत किती सायकल जातात ते काढायचे, आणि त्या काळात निदान दोनदा तरी तपासणी बसेल असे वेळापत्रक आखायचे. १९७८ पासून अमेरिकेच्या नागरी विमानांच्या नियमांत हा विचार आहे. मिहानच्या हँगरमध्ये येणाऱ्या विमानाचे तपासणीपत्रक याच गणितावर उभे असते.

पण या गणिताची एक बाजू कायम माणसाच्या हातात राहते. एडी करंट, अल्ट्रासोनिक, एक्स-रे, चमकणारा द्रव, यांतले कोणतेही साधन अमुक आकाराचा तडा प्रत्येक वेळी पकडेलच असे नाही. ते पकडण्याची शक्यता सांगता येते, खात्री नाही. रात्रपाळीला, शिडीवर उभे राहून, हजारो एकसारखी रिव्हेट पाहणाऱ्या माणसाचे डोळे थकतात. १७ एप्रिल २०१८ ला अमेरिकेत साउथवेस्टच्या विमानाचे फॅन ब्लेड थकव्याने तुटून एक प्रवासी गेली, त्यानंतर अशा ब्लेडांची अल्ट्रासोनिक तपासणी बंधनकारक झाली. एका माणसाचा जीव गेल्यावर साधन बदलले, हे इथेही घडले.

नवे पदार्थ आले म्हणून प्रश्न संपलेला नाही. ७८७ च्या वजनात निम्मा वाटा कंपोझिटचा आहे. ते धातूसारखे थकत नाही आणि गंजतही नाही, पण एखादे अवजार पडले तर आतले थर सुटतात आणि वरून काहीच दिसत नाही. इंजिन, लँडिंग गिअर आणि जोडणीचे भाग तर धातूचेच आहेत. २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांतल्या काही डिस्कच्या धातुभुकटीत अशुद्ध कण राहिल्याचे उघड झाले. त्या कणांतून तडे लवकर सुरू होऊ शकतात, म्हणून जगभरची इंजिने उतरवून तपासावी लागली आणि भारतातली अनेक विमानेही जमिनीवर थांबली. सू सिटीचा दोष चौतीस वर्षांनी वेगळ्या रूपात पुन्हा भेटला. फरक एवढाच, की या वेळी तो अपघाताआधी पकडला गेला.

आपल्याकडे आणि नागपुरात

भारतात तुटलेले भाग वाचण्याची परंपरा आहे आणि ती चांगली आहे. बंगळुरूच्या नॅशनल एअरोस्पेस लॅबोरेटरीजने कित्येक दशके हवाई दलाचे, नागरी विमानांचे आणि इतर उद्योगांचे भंगलेले भाग तपासले. रामचंद्रन, रघुराम, कृष्णन आणि भौमिक या तिथल्या शास्त्रज्ञांनी त्या अनुभवावर लिहिलेले पुस्तक २००५ मध्ये अमेरिकेच्या एएसएम इंटरनॅशनलने प्रसिद्ध केले. २०१२ पासून नागरी विमान अपघातांच्या तपासासाठी स्वतंत्र ब्यूरो आहे. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सने (एचएएल) मिग-२१ आणि सुखोई-३० बांधली, आणि तिथल्याच हवाई दलाच्या डेपोत लढाऊ विमानांची मोठी दुरुस्ती होते. एखाद्या विमानाचे आयुष्य आणखी किती वाढवता येईल, हा प्रश्न तिथल्या लोकांच्या रोजच्या कामाचा आहे.

अपघाताचा तपास बंगळुरूत होवो की दिल्लीत, तडा मात्र बहुतेक वेळा हँगरमध्येच सापडायचा असतो. सी-चेक या मोठ्या, ठरावीक काळाने होणाऱ्या तपासणीत ब्रॅकेट काढला, कडेला तडा दिसला, नवा बसवला, जुना रद्दीत टाकला, कागदावर सही झाली. विमान सुरक्षित झाले, हे खरे. पण त्या रद्दीतल्या ब्रॅकेटमध्ये तड्याचे वय लिहिलेले होते, ते कुणी वाचले नाही. तोच ब्रॅकेट दुसऱ्या विमानात किती सायकलींवर तडकेल, याचे उत्तरही त्याच तुकड्यात होते. अपघात न होता मिळालेला हा पुरावा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा असतो.

नागपूरने हे काम आपले मानावे. हँगरमध्ये बाद झालेले तडकलेले भाग, मालकाच्या आणि उत्पादकाच्या संमतीने, सायकलींच्या नोंदीसह जपून ठेवावेत. व्हीएनआयटीच्या धातुशास्त्र विभागाने आणि ॲल्युमिनियम केंद्राने ते मायक्रोस्कोपखाली वाचावेत. मेंटेनन्स कमांडकडे असलेल्या अनुभवाचा, गोपनीयतेच्या मर्यादेत, या कामाला आधार मिळावा. मिहानमध्ये नोकरी करू पाहणाऱ्या विदर्भातल्या विमान देखभाल अभियांत्रिकीच्या (एएमई) विद्यार्थ्यांच्या हातात पहिल्याच वर्षी खरा भंगलेला भाग द्यावा आणि मूळ कुठे आहे ते शोधायला सांगावे. आणि ज्या तंत्रज्ञाने तडा दाखवला, किंवा आपल्याकडून तो सुटल्याचे स्वतःहून सांगितले, त्याला शिक्षा होणार नाही, ही हमी प्रत्येक हँगरच्या व्यवस्थापनाने लेखी द्यावी. भीतीपोटी लपवलेला तडा गंजापेक्षा वेगाने वाढतो.

हँगर बांधायला पैसा लागतो आणि तो नागपूरकडे येतो आहे. तडा वाचणारी माणसे घडवायला त्याहून जास्त काळ लागतो, म्हणून ते काम आजच सुरू व्हायला हवे. सांताक्रूझच्या त्या रात्री डिस्कमधला तडा एकाएकी जन्मला नव्हता. कॅरावेलमधल्या ९५ जणांना आपण देणे लागतो ते हेच, की पुढचा तडा हँगरमध्येच सापडावा.